पोरानं कॉलेजऐवजी फौज निवडली, तर घरच्यांनी काय काय करायचं?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फौज कुणाला परकी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, सांब्र्याला हवाई दलाचं ट्रेनिंग स्कूल आहे, आणि गल्लीत एखादे सुभेदार काका नाहीत असं गाव शोधावं लागेल. तरीही घरातलं पोरगं पीयूसीच्या (बारावीच्या) निकालानंतर "मी डिग्रीला ॲडमिशन घेत नाही, भरतीला जातो" म्हणालं, की जेवणाच्या ताटावर सगळे गप्प होतात. आईला काळजी जिवाची, वडिलांना पुढच्या आयुष्याची, आणि आजोबांना मात्र आतून आनंद झालेला असतो.

आपल्या भागातली खरी अडचण मला वेगळीच वाटते. आपल्याला माहीत आहे ती फौज जुन्या अटींची. पंधरा-सतरा वर्षं नोकरी, मग पेन्शन, कॅन्टीन कार्ड, आणि गावात येऊन घर. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि शिपाई म्हणून जाणाऱ्या पोरांसाठी या अटी बदलल्या. या योजनेतून भरती झालेल्या शिपायाला अग्निवीर म्हणतात. पोरगं नव्या अटींवर निघालेलं असतं आणि घरचे सल्ले जुन्या अटींवर देत असतात. म्हणून होकार द्यायचा तर तो माहिती घेऊन द्या, आणि नकार असेल तर तोही माहिती घेऊनच.

आधी ऐकून घ्या

पहिल्या दिवशी "खुळा झालास काय" म्हणू नका आणि गावभर पेढेही वाटू नका. दोन्हींमुळे पोरगं अडकतं. पहिल्यात ते हट्टाला पेटतं. दुसऱ्यात उद्या मन बदललं तरी त्याला मागे फिरता येत नाही.

शांतपणे विचारा: फौजेत कशात जायचंय? तिथलं कुठलं काम तुला करावंसं वाटतं? मित्र निघालेत म्हणून निघालायस का? पीयूसीत गणित सुटलं म्हणून, की खरंच मनात आहे? उत्तर लगेच मागू नका. सतरा वर्षांच्या पोराला मनातलं सांगायला शब्द सापडायला वेळ लागतो. शेतात पाणी पाजताना किंवा गाडीवरून बाजाराला जाताना हा विषय जास्त मोकळेपणानं निघतो. समोर बसवून चौकशी केल्यासारखं विचाराल तर ते मान खाली घालून "हं" एवढंच म्हणेल.

मग त्याला दोन माणसांकडे न्या. एक जुन्या अटींवर निवृत्त झालेले, दुसरा रजेवर आलेला अग्निवीर. पहिला माणूस फौजेतलं जगणं काय असतं ते सांगेल. पगार-पाण्याचं, रजेचं, पुढचं काय ते दुसऱ्याकडून ऐका. तुम्ही सोबत जा, पण थोड्या वेळानं उठून बाहेर या. तुमच्यासमोर पोरगं भीतीचा प्रश्न विचारणार नाही.

अटी एकत्र बसून वाचा

हे काम एका संध्याकाळी वही-पेन घेऊन करा. मुद्दे असे:

अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, आणि ट्रेनिंगचा काळ त्यातच धरला जातो. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना कायम सेवेत घेतलं जातं. बाकीचे घरी येतात. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

पहिल्या वर्षी महिन्याचं पॅकेज ३०,००० रुपये. त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,००० येतात. दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. दर वेळी ३० टक्के निधीत. सरकार तेवढीच रक्कम घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात, त्यावर आयकर नाही. वर्षाला ३० दिवस रजा. या चार वर्षांत लग्न करता येत नाही. भरतीवेळीही पोरगं अविवाहित असावं लागतं. मधेच "मला जमत नाही" म्हणून सोडून येता येत नाही, अगदी अपवादात्मक कारण असेल आणि वरून मंजुरी मिळाली तरच.

आता जो विषय घरात कुणी काढत नाही, तो. अग्निवीराला ४८ लाखांचं विमा संरक्षण असतं, त्याचा हप्ता त्याच्या पगारातून कापत नाहीत. कर्तव्यावर मृत्यू आला तर त्याशिवाय ४४ लाखांची सानुग्रह रक्कम मिळते. अपंगत्व आलं तर त्याच्या प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख. आईसमोर हे वाचताना आवाज जड होतो, हे मला ठाऊक आहे. तरी वाचा. पोरानंही ते आईच्या शेजारी बसून ऐकलं पाहिजे. ज्या घरात हे एकदा मोकळेपणानं बोललं जातं, तिथली आई नंतर दर फोनला धसकत नाही.

आणि एक गैरसमज आताच काढून टाका. पोरगं मराठा आहे, बेळगावचं आहे, म्हणजे मराठा पलटणीतच जाणार असं नाही. तोफखान्यात, इंजिनिअरांत, सिग्नलमध्ये, कुठेही जाऊ शकतं. आजोबांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ऑर्डर आल्यावर त्यांचा चेहरा पडणार नाही.

कॉलेज की फौज, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे

पोरगं अभ्यासात बरं असेल तर त्याला शिपाई भरतीच्या आधी एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी दाखवा. यूपीएससीची ही परीक्षा वर्षातून दोनदा होते, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीला असतानाही अर्ज करता येतो. खडकवासल्यात तीन वर्षं शिक्षण, हातात पदवी, आणि पुढे अधिकारी. भूदलासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते. आपल्या खेड्यांतली हुशार पोरं केवळ कुणी सांगितलं नाही म्हणून ही परीक्षा देत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलींनाही एनडीएचा दरवाजा आता उघडा आहे, आणि मिलिटरी पोलिसात अग्निवीर म्हणून मुलींची भरती होते. घरात मुलगी हे बोलत असेल तर तिलाही या लेखातलं सगळं लागू आहे.

पोरगं शिपाई म्हणूनच जायचं म्हणत असेल, तर एका गोष्टीवर मात्र ठाम राहा: पीयूसी पूर्ण करायची. जनरल ड्यूटीला (साध्या शिपायाच्या पदाला) दहावी पुरते, म्हणून काही पोरं पहिल्या वर्षातच कॉलेज सोडतात. सोडू देऊ नका. साडेसतरा पूर्ण होईपर्यंत भरती होत नाही, म्हणजे तो काळ तसाही हातात असतो. क्लार्कला बारावी ६० टक्के, टेक्निकलला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेऊन ५० टक्के, हवाई दलाच्या अग्निवीरवायूलाही बारावीच. आणि चार वर्षांनी परत आल्यावर पुढच्या नोकरीला बारावी लागतेच. केवळ दहावी झालेल्या अग्निवीराला सेवेत बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे, पण घरी राहून जमत असेल तर ते ओझं तिथे कशाला न्यायचं?

जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. आपल्या एसएसएलसीच्या ६२५ गुणांत ४५ टक्के म्हणजे २८२. पोराला २७५ पडले असतील तर आताच ओळखा. अर्ज भरताना कळलं तर वर्ष गेलं. तेव्हा ट्रेड्समनचा (स्वयंपाकी, शिंपी अशा कामांचा) पर्याय उरतो, त्याला एकूण टक्क्यांची अट नाही.

डिग्रीला नाव घालावं का? माझं मत, घालावं. फॉर्म भरण्यापासून रुजू होईपर्यंत बहुतेक वेळा वर्ष निघून जातं आणि मेरिटमध्ये नाव येईलच असं नाही. पण कॉलेजात ॲडमिशन घेताना मूळ मार्क्स कार्ड आणि दाखले जमा करून घेतात, आणि भरतीला नेमकी तीच मूळ कागदपत्रं लागतात. ती कशी आणि किती दिवसांत परत मिळतील, हे ॲडमिशनच्या दिवशीच ऑफिसात विचारून ठेवा.

कागदपत्रं: इथे घरच्यांचीच खरी गरज

मैदानात पोरगं एकटं पळतं. कागदांसाठी मात्र तुम्ही पळा. सीमाभागात हे काम इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे, कारण आपलं नाव मराठी, शाळेचा दाखला एका पद्धतीनं, आणि सरकारी दाखला कन्नडमधून इंग्रजीत उतरलेला.

एसएसएलसीचं मार्क्स कार्ड आणि आधार कार्ड टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. एकावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर. "पाटील"च्या शेवटी एकात एक एल, दुसऱ्यात दोन. आईचं नाव एका कार्डावर माहेरचं. जन्मतारखेत एक आकडा इकडचा तिकडे. हे सगळं रॅलीच्या (भरती मेळाव्याच्या) टेबलावर अडतं. दहावीचं मार्क्स कार्ड प्रमाण धरा आणि आधार, पॅन, बँक पासबुक त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. खुद्द मार्क्स कार्डातच चूक असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून हे तपासायचं काम पोरगं दहावी पास झाल्या झाल्याच करा.

जात आणि रहिवासी दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढा. अर्ज करतानाच नावाचं इंग्रजी स्पेलिंग मार्क्स कार्डाप्रमाणे लिहून द्या. ऑपरेटर ऐकून टाइप करतो आणि "जाधव"चं काहीतरी वेगळंच होऊन बसतं. फक्त कन्नडमध्ये असलेल्या दाखल्यावर अवलंबून राहू नका, इंग्रजी मजकूर असलेला घ्या. शाळेचा आणि गावचा चारित्र्याचा दाखला, तसंच अविवाहित असल्याचा दाखला गेल्या सहा महिन्यांतला असावा लागतो, म्हणून ते फार आधी काढून ठेवू नका. वडील फौजेत होते तर त्यांचं डिस्चार्ज बुक शोधून ठेवा. माजी सैनिकाच्या मुलाला बोनस गुण मिळतात. एनसीसीच्या प्रमाणपत्रालाही मिळतात. गावातल्या कॉलेजात एनसीसी असेल तर पहिल्या वर्षीच नाव घाला.

आता जरा स्पष्ट बोलतो. आपल्यातल्या कितीतरी जणांचे मामा-मावशी चंदगड, गडहिंग्लज, कागलला असतात. "मामाच्या पत्त्यावर कोल्हापूरचा दाखला काढू, तिकडं भरतीला लावू" असा सल्ला देणारा कुणी ना कुणी भेटतोच. अजिबात ऐकू नका. बेळगाव जिल्ह्यातल्या पोरानं बेळगावच्या भरती कार्यालयातूनच जायचं. कोल्हापूरचं कार्यालय महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांसाठी आणि गोव्यासाठी आहे. खोटा रहिवासी दाखला भरतीनंतर उघडकीला आला तरी पोराला घरी पाठवतात आणि पोलिस केस होते ती वेगळी. शिवाय आपल्या पोराचं नुकसानही नाही: जनरल ड्यूटीला कर्नाटकासाठी उंची १६६ सेंटिमीटर लागते, महाराष्ट्रासाठी १६८.

टॅटू आणि मेडिकल

शिवजयंतीला पोरं छातीवर, दंडावर महाराजांचा टॅटू गोंदवून घेतात. भावना खरी असते. पण फौजेत कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. दंडावरच्या टॅटूमुळे सगळं पास झालेलं पोरगं मेडिकलला बाहेर पडतं. पोरगं भरतीचं बोलायला लागलं की हे त्याला त्याच आठवड्यात सांगा.

बाकीची तपासणी सिव्हिलमध्ये किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे आधीच करून घ्या. तळपाय सपाट आहेत का, सरळ उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना घासतात का, कानात मळ आहे का, दात किडलेत का, रंग ओळखता येतात का, हर्निया किंवा अंडकोषाच्या शिरा फुगल्यात का. शेवटचं पोरं लाजून आईला सांगत नाहीत. वडिलांनी किंवा थोरल्या भावानं विचारावं. यातल्या काही गोष्टी साध्या उपचारानं नीट होतात, पण त्यासाठी वेळ हातात हवा. मेडिकलमध्ये अनफिट ठरवलं तरी फेरतपासणीची संधी असते; तिथे लिहून दिलेली तारीख आणि रुग्णालय नीट वाचा आणि ती तारीख चुकवू नका.

परीक्षा आधी, मैदान नंतर

पूर्वी पोरं आधी पळत, मग लेखी देत. २०२३ पासून उलटं झालंय. आधी संगणकावर सामायिक प्रवेश परीक्षा, त्यात पास झालेल्यांनाच रॅलीचं बोलावणं. तरीही पोरं सकाळ-संध्याकाळ पळतात आणि पुस्तकाला हात लावत नाहीत. घरच्यांनी वेळ ठरवून द्यावी: पहाटे मैदान, संध्याकाळी दोन तास अभ्यास.

जनरल ड्यूटीला ५० प्रश्न, १०० गुण, एक तास. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण जातो, म्हणून अंदाजानं सगळे गोल भरायची सवय मोडा. परीक्षा मराठीतही देता येते, कन्नडमध्येही. मराठी माध्यमातल्या पोरानं फॉर्म भरताना भाषेचा रकाना जपून भरावा. सायबर कॅफेवाला घाईत इंग्रजी टाकून मोकळा होतो. अर्ज फक्त फौजेच्या अधिकृत संकेतस्थळावर, फी २५० रुपये. अर्ज बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान निघतात. वयाची मर्यादा त्या वर्षीच्या जाहिरातीतल्या जन्मतारखांवरून बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मैदानात सोळाशे मीटर. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर ६० गुण. चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. नंतर बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढणं: दहा मारले तर ४० गुण. नऊ फुटी खड्डा आणि वाकड्या पट्टीवरून तोल सांभाळत चालणं नुसतं पास व्हावं लागतं. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे पळणारी पोरं बघा, पहिली फेरी सगळी जीव तोडून मारतात आणि तिसऱ्या फेरीला कमरेवर हात ठेवतात. घड्याळ घेऊन कडेला उभं राहायला घरातलं कुणी गेलं तर एवढ्यानंही फरक पडतो. प्रत्येक फेरीची वेळ मोठ्यानं सांगा, तीसुद्धा सारखी यायला हवी. डांबरी रस्त्यावर रोज पळू देऊ नका, नडगी दुखायला लागते. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. खाण्यात भाकरी, कडधान्य, शेंगदाणे, दूध, अंडी पुरेत. जिममधला कुणी दम वाढवायची गोळी किंवा इंजेक्शन देत असेल तर तिथलं जाणं बंद करा. भरतीत त्याला बंदी आहे आणि जिवाशी खेळ आहे.

अकॅडमीला घालायचं तर आधी जाऊन मैदान बघा, राहायची जागा बघा, जेवण बघा, तिथल्या पोरांशी बोला. "सेटिंग आहे, निवडीनंतर पैसे द्या" म्हणणाऱ्या माणसाला दारात उभं करू नका, मग तो गावचा असो की नात्यातला. भरतीला फीच्या २५० रुपयांव्यतिरिक्त कुणालाही काही द्यावं लागत नाही.

नाव आलं नाही तर

हे आधीच ठरवा, निकालाच्या दिवशी नाही. किती संधी घ्यायच्या, त्या काळात डिग्रीचे पेपर द्यायचे की नाही, पोलिस किंवा निमलष्करी दलाचे फॉर्म कधी भरायचे, हे पोरानं स्वतःच्या हातानं वहीत लिहावं. गल्लीत विचारणाऱ्यांना उत्तर घरच्यांनी द्यावं. नापास झालेल्या पोराला चावडीवरून जाताना मान खाली घालावी लागू नये, एवढी जबाबदारी आपली.

नाव आलं तर

पोरगं अठराच्या आत असेल तर भरतीच्या कागदांवर आई-वडिलांची किंवा पालकांची सही लागते. सही करण्याआधी कागद पुन्हा वाचा.

ट्रेनिंग ३१ आठवडे चालतं. त्या काळात फोन कमी येतात. आले की घरची भांडणं, शेताची नुकसानी, कर्जाचा हप्ता सांगू नका. "जेवलास काय, पायाला फोड आलेत काय" एवढं विचारा आणि त्याला बोलू द्या. सुरुवातीच्या आठवड्यांत पोरं रडतात, ते खरंच थकलेलं असतं. "परत ये" म्हणू नका, "मर्द हो" पण म्हणू नका. ट्रेनिंग संपताना शपथेची कसम परेड होते, तिला घरच्यांना बोलावणं आलं तर उधारी करूनही जा.

पगार पोराच्याच खात्यात राहू द्या. नॉमिनीचं नाव भरलंय का, पहिल्याच रजेत विचारा. महिन्याला घरी किती पाठवायचे ते एकदा ठरवा आणि त्यापुढे मागू नका. थोरल्या बहिणीचं लग्न किंवा घराचा स्लॅब त्या ११.७१ लाखांवर आधीच मांडून ठेवलेली घरं मी बघितलीयत. तो पैसा पोराच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षाचं भांडवल आहे, त्याच वर्षी त्याला पुन्हा कामाला सुरुवात करायची असते.

आणि ती तयारी दुसऱ्या वर्षापासूनच करायची. इग्नूनं अग्निवीरांसाठी पदवी ठेवली आहे, त्यात फौजेतल्या ट्रेनिंगला निम्मे क्रेडिट मिळतात. रजेवर आला की नाव नोंदवलंय का, परीक्षेची तारीख कधी आहे, हे विचारा. निमलष्करी दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांना आरक्षण आणि वयात सवलत आहे. त्या भरत्यांच्या जाहिराती त्याच्या युनिटपर्यंत वेळेत पोहोचतीलच असं नाही, पण तुमच्या मोबाइलवर येतात. चौथ्या वर्षी जाहिराती बघायचं आणि त्याला कळवायचं काम घरातल्या एका माणसानं स्वतःकडे घ्यावं, शक्यतो धाकट्या भावंडानं. फॉर्म भरायची शेवटची तारीख आणि त्याची रजा यांचा मेळ तोच नीट लावू शकतो.